वाचनालयाचा दुसरा दगड

१० डिसेंबर १९७८, रविवार
आजपासून रोजनिशी. रोज लिहायची. खंड नाही.

हिवाळी अधिवेशनासाठी सरकार मुंबईहून नागपुरात आलं आहे. आज एक मंत्रीसाहेब थेट आमच्या गल्लीत आले आणि समोरच्या मोकळ्या प्लॉटवर सार्वजनिक वाचनालयाची कोनशिला बसवून गेले. तीन वर्षांपूर्वी जुन्या सरकारच्या मंत्र्यांनी याच प्लॉटवर याच वाचनालयाची कोनशिला बसवली होती. वाचनालय झालं नाही, पण दगड चांगला निघाला. मी आणि मनोहरराव रोज संध्याकाळी त्यावर बसतो. मनोहरराव रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झाले, मी पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून. त्यांना बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून पेपर मी मोठ्याने वाचतो.

समारंभात मी माझा पॉइंट मांडला. जुने उधळे, नवे काटकसरी. पुरावा समोरच होता. जुन्यांनी संत्राबर्फी वाटली होती, नव्यांनी चिवडा. मनोहरराव तोच चिवडा खात म्हणाले, की जुने काय नि नवे काय, खर्च तोच राहते गा, फकस्त हार बदलते. वर हसले. पुढच्या रांगेतल्या चार लोकांनी ऐकलं, तेही हसले.

हा प्रिन्सिपलचा प्रश्न आहे. मनोहरराव चूक कबूल करत नाहीत तोवर त्यांच्याशी बोलणं बंद.

११ डिसेंबर
गेलो नाही. तुळसाबाई आमच्याकडचा स्वयंपाक करून मग खाली तळमजल्यावर त्यांच्याकडे जाते. तिला सांगून ठेवलं, त्यांनी विचारलं तर गुडघे दुखतात म्हणून सांग. स्वयंपाकवाल्या बाईच्या तोंडून भांडण कळवणं सभ्यपणाचं नाही. खरं कारण ते ओळखतीलच. जन्मभर हिरवा-लाल बावटा दाखवलेला माणूस आहे, त्यांना इशारा कळतो.

१२ डिसेंबर
मनोहररावांनी तुळसाबाईबरोबर महानारायण तेलाची बाटली पाठवली. दुसऱ्याच दिवशी नरमले! बाटली ठेवून घेतली. लावणार अर्थातच नाही.

१५ डिसेंबर
संध्याकाळी खिडकीतून लक्ष ठेवलं. जुन्या दगडावर एकटेच बसले होते. दगड गार लागतो म्हणून ते बारदान्याची घडी घालून बसतात. आज शेजारी माझ्या जागेवरही एक घडी घातली होती. जागा अडवून ठेवायची वृत्ती, दुसरं काय.

१४ जानेवारी १९७९, संक्रांत
त्यांच्याकडून तिळगूळ आला. तुळसाबाई सांगत होती, की गुडघे कसे हायेत म्हणून रोज पुसतेत. 'गुडघे' हा शब्द मुद्दाम वापरलेला दिसतो. टोमणा आहे. इतकी काळजी असेल तर स्वतः वर यावं. दोन जिने आहेत आणि त्यांना दमा आहे म्हणे. निमित्त सांगायला काय लागतं?

तिळगूळ खाल्ला. सिंधू असती तर मी उलट पाठवलाही असता. ती गेल्यापासून घरात तीळ कुठे असतात तेच मला माहीत नाही.

२८ फेब्रुवारी
रात्री रेडिओवर दिल्लीच्या बजेटच्या बातम्या. नव्यांच्या काटकसरीचे आकडे उतरवून घ्यायला कागद-पेन्सिल घेऊन बसलो. आकडे सुरू झाले आणि डोळा लागला. जाग आली तेव्हा भजन चालू होतं. एकंदरीत बजेट चांगलं वाटलं.

१ एप्रिल
विजय! प्लॉटवर ट्रकभर विटा पडल्या. वाचनालयाचं काम सुरू. भिंत कमरेइतकी वर आली की मनोहररावांचा हात धरून त्यांना तिथे नेईन आणि एक शब्द बोलणार नाही. फक्त भिंत दाखवीन. मग ते कबूल करतील आणि मी पेपर उघडीन. रोज संध्याकाळी दोन इंग्रजी बातम्याही वाचून दाखवीन. दाढी केली, कोट ब्रशने झाडला.

३ एप्रिल
विटा मागच्या बंगल्याच्या कंपाउंडच्या होत्या. जागा नव्हती म्हणून दोन दिवस इथे टाकल्या होत्या.

९ सप्टेंबर
मधे थोडा खंड पडला. लिहिण्यासारखं काही नव्हतं.

तुळसाबाई आज कणीक मळता मळता बोलली. म्हणे, मनोहरराव पेपर घेतेत, मांडीवर ठेवतेत नि तसाच घरी घेऊन जातेत, घडी बी नाही उघडत. मग मलाच विचारलं, की तुमचे गुडघे तं घरात चांगले चालून राहिले, मंग खाली काहून नाही जात जी? मी सांगितलं, घरात चालणं वेगळं आणि जिना वेगळा. ती हसली. अडाणी बाई. तिला प्रिन्सिपल काय कळणार?

पेपर मीही हल्ली मनातल्या मनात वाचतो. मजा येत नाही.

१८ फेब्रुवारी १९८०
नव्यांचं सरकार गेलं. त्यांना वेळच मिळाला नाही. आणखी दोन वर्षं मिळती तर वाचनालय उभंच होतं. आता मी खाली उतरलो तर हरून आलो असं दिसेल. थांबणं भाग आहे.

१० जून
जुने परत आले. म्हणजे जुने आता नवे झाले आणि नवे जुने. रोजनिशीत घोटाळा नको म्हणून यापुढे 'पहिले' आणि 'दुसरे' लिहीन. किंवा काहीच लिहिणार नाही.

२ नोव्हेंबर
तुळसाबाईने बातमी आणली. दिवाळी झाली की मनोहरराव नरखेडला मुलीकडे चालले. कायमचे. दमा वाढला आहे, आणि तिथे संत्र्याच्या बागेत घर आहे, हवा बरी आहे. खोली सोडली.

उद्या सकाळी खाली जाणार. नक्की.

३ नोव्हेंबर
जाण्यापूर्वी काय बोलायचं ते लिहून काढलं. दोन पानं झाली. 'तुमचं अगदीच चूक नव्हतं' हे वाक्य सुरुवातीला घ्यावं की शेवटी, ते ठरेना.

५ नोव्हेंबर
एक जिना उतरलो. दाढी केली नव्हती हे आठवलं. परत आलो.

७ नोव्हेंबर, दिवाळी
मुलाचं राउरकेल्याहून कार्ड आलं. दुसरं कोणी आलं नाही. खाली मनोहररावांच्या दारात दोन पणत्या होत्या. इथून दिसल्या.

११ नोव्हेंबर
सकाळी सायकलरिक्षा आली. एक ट्रंक, एक वळकटी. मनोहरराव बसले, वर माझ्या खिडकीकडे बघितलं आणि गळ्यातला पंचा काढून गार्डासारखा हलवला. मी पडद्याआड सरकलो. एवढ्यावर मी विरघळलो असं त्यांना वाटायला नको होतं. मग हात केला, तोवर रिक्षा कोपऱ्यावरून वळली होती.

१२ नोव्हेंबर
तुळसाबाई बारदान्याच्या दोन्ही घड्या घेऊन आली. त्यांचा निरोप होता, की दगड गार लागते, चंद्रभानले (म्हणजे मला) तसाच बसू देऊ नको, नि गुडघे बरे झाले का नरखेडला ये म्हणा, बगीच्यातली संत्री खाऊ.

मी तिला विचारलं, आमच्या भांडणाबद्दल काही बोलले का? तर म्हणे, कोणतं भांडण? मनोहरराव तर गल्लीत सगळ्यांना सांगत होते, की बिचाऱ्या चंद्रभानले जिनाच उतरवत नाही, नि मलेच दम लागते, नाही तं मीच वर गेलो असतो.

त्यांना माहीतच नव्हतं. दोन वर्षं मी एकटाच भांडत होतो.

२३ नोव्हेंबर, रविवार
नरखेडची एसटी सकाळी आहे. गेलो नाही. जाऊन सांगणार काय? गुडघे बरे झाले म्हणून सांगितलं तर आणखी एक खोटं, आणि खरं सांगितलं तर ते हसतील. खरं म्हणजे त्यांनी हसलेलं मला चाललं असतं. पुढच्या रविवारी बघू.

१४ डिसेंबर, रविवार
पुन्हा अधिवेशन. आज पहिल्यांचे मंत्री आले आणि वाचनालयाची तिसरी कोनशिला बसवून गेले. कोट घालून खाली उतरलो. पेंडॉल तोच, लाउडस्पीकरवाला तोच. पहिल्या दोन्ही वेळी सोफ्यावर बसलेला कंत्राटदार यंदाही सोफ्यावरच होता. बर्फी आणि चिवडा, दोन्ही वाटले. शेजारच्या खुर्चीतल्या गृहस्थांना म्हणालो, की जुने काय नि नवे काय, खर्च तोच राहते, फकस्त हार बदलते. वाक्य चांगलं आहे, मोठ्याने म्हणून बघितलं तर अगदी पटलं. गृहस्थांनी मला गप्प बसायला सांगितलं.

सगळे गेल्यावर जुन्या दगडावर दोन्ही घड्या घातल्या आणि एकीवर बसलो. पेपर उघडला. पहिली बातमी मोठ्याने वाचली. प्लॉटवर बसायला आता तीन दगड आहेत. अंधार पडेपर्यंत दुसरं कोणी आलं नाही.

वर येताना पहिल्याच जिन्यावर गुडघे दुखले. अगदी खरे दुखले, कठडा धरून थांबावं लागलं. तुळसाबाई पोळ्या करत होती. तिला म्हणालो, आज माझे गुडघे खरंच दुखताहेत, मनोहररावांना कळवायला पाहिजे.

तवा उतरवून ती म्हणाली, की त्याईले ते दोन वर्सापासून ठाऊक हाये जी.