उद्या पुन्हा धारूरचा घाट

अहो,

प्रिय लिहावं की तीर्थरूप, मला कळेना. घरात 'अहो' म्हणत होते, तेच लिहिते. बार्शीच्या दवाखान्याच्या ओसरीवर बसलेय. उद्या पहाटे आपल्या मोटारीतून वडवणीला परत निघायचंय. वैशाख लागलाय, रस्ता तोच, घाटही तोच. दुपारपासून मला त्याचीच भीती वाटतेय. भावजींना सांगावं तर ते माझ्याहून भ्यालेले. मग कुणाला सांगू? तुम्हालाच सांगते.

तुम्ही गेलात तेव्हापासून मोटार गोठ्यात उभी होती. भावजींनी तिला बैलांच्या शेजारी ढकलून वर ताडपत्री टाकली, आणि चावी मी धान्याच्या कणगीत पुरली. गोठ्यात जाताना मी तोंड फिरवून जायची. आडतीवर माणसं विचारायची, "मोटार इकता का?" मी म्हणायची, "न्हाई. दुसऱ्याच्या घरात मढं कावून पाडू?" असं बोलून घरात यायची आणि पदर तोंडात कोंबून रडायची.

पाडव्यानंतर लेकीच्या सासरहून, युसूफ वडगावहून, घोड्यावर माणूस आला. आपल्या गिरजाला सातवा सरून आठवा लागला होता. तोंड सुजलं, पाय सुजले, डोकं फुटल्यागत दुखायचं, आणि डोळ्यांपुढं अंधारी येत होती. तिथल्या हकीमसाहेबांनी हात टेकले. म्हणाले, बार्शीला मोठ्या दवाखान्यात न्या, लवकर न्या. बैलगाडीनं पोरगी पोचली नसती. आसपास मोटार एकच होती. आपली!

एकीकडं तुमची लेक, दुसरीकडं तुम्हाला खाल्लेली गाडी. मी कणगीत कोपरापर्यंत हात घातला. ज्वारीतून चावी काढली आणि भावजींपुढं धरली. ते घेईनात.

"वहिनी, माझ्याच्यानं न्हाई होनार. म्या हात लावला की मला दादाच दिसतोय."

"मलाबी दिसतात," मी म्हटलं. "चला, दोघं मिळून लावू."

ताडपत्री काढली तर चाकांचे लाकडी आरे वाळून सैल झालेले. हलवलं की कुरकुर वाजायचे. गाड्याच्या चाकाला उन्हाळ्यात करतो तसं केलं, चाकांना गोणपाट गुंडाळून दिवसभर पाणी घालत राहिलो. पुढच्या पाण्याच्या टाकीत धुण्याचा सोडा घालून भावजींनी इंजन थोडं चालवलं आणि खालची तोटी सोडली. गेरूसारखं पाणी आलं. मग गाळ आला, कुजक्या पाल्याचा लगदा आला. येतच राहिला. भावजी तोटीपाशी उकिडवे बसून त्या गाळाकडं बघत होते. मी घागरीमागून घागर ओतत होते आणि मनात तुमच्याशी भांडत होते.

अहो, गेल्या सालच्या शिमग्यात मी म्हटलं नव्हतं का? दर वर्षी ऊन तापायच्या आत तुम्ही गाडी धुऊन, तेल बदलून घ्यायचात. गेल्या साली आडतीची गडबड होती. मी आठवण केली तर हसलात. म्हणालात, "अगं, बैलाला ऊन लागतं, लोखंडाला कशाचं ऊन?" कावून हसलात हो? हा एवढा गाळ पोटात घेऊन ती घाट चढत होती. पाणी उकळून उडालं, गाडी बंद पडली, आणि तुम्ही भावजींना गाडीपाशी बसवून भर दुपारी डबा घेऊन पाणी शोधायला खाली उतरलात. उन्हानं पडलेले मेंढक्यांना सापडलात तेव्हा डबा रिकामाच होता. पाण्याचा थेंबसुद्धा मिळाला नाही तुम्हाला! मी रोज पाण्याला गेले की तेच आठवतं.

असो. आता रागावत नाही.

रबरी नळी चिमटीत धरली तर भेगाळलेली. भावजींनी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून तिच्यावर गुंडाळल्या, तारेनं आवळल्या. पंख्याचा चामडी पट्टा वाळून कडक झाला होता, त्याला मी एरंडेल चोळलं. चाकांतली हवा जरा कमी ठेवली. उन्हानं फुगून ट्यूब फुटते म्हणे. दोन पखाली भरून पायरीला बांधल्या. इंजनावरच्या पत्र्याच्या झडपा उघड्या ठेवून दोरीनं बांधल्या. शेवटी भावजींनी हँडल मारलं. गाडी धडधडली तशी मी भिंतीला टेकले. तुमच्याच येण्याचा आवाज तो!

दुसऱ्या दिवशी अंधारातच निघालो. मी पुढं बसले. वर्ष सरायच्या आत बाई गावाबाहेर पडली, म्हणून आळीत कुणी काही बोललं असेल. मला ऐकू आलं नाही. माझा सगळा जीव कानात होता. इंजन जरा वेगळं वाजलं की मी भावजींकडं बघायची.

घाट लागला तेव्हा ऊन वर आलं होतं. अर्धा चढलो. तुम्ही जिथं थांबलात त्याच्या अलीकडंच टाकीच्या झाकणातून वाफ निघाली, सूं सूं आवाज येऊ लागला. भावजींचा चेहरा राखेगत झाला.

"वहिनी, एवढा चढ काढतो. वर गेल्यावर बघू."

"थांबवा! आत्ता थांबवा!"

त्यांनी थांबवली. उतरून बघतो तर एक पखाल पाझरून चिपाड झालेली. दुसरीत पाणी होतं, पण भावजींनी तिच्याकडं बघितलंच नाही. त्यांनी मागचा डबा उचलला आणि उताराकडं चालायला लागले! "तुमी सावलीत बसा, मी खाली पानी बघून येतो."

अहो, तुम्हीही असंच म्हणाला होतात ना? भावजींनीच मला सांगितलं होतं. माझ्या तोंडून किंकाळी निघाली. मी धावत जाऊन त्यांच्या सदऱ्याला पाठीमागून धरलं. दिराच्या अंगाला कधी बोट लावलं नव्हतं मी! सदरा फाटला तरी सोडला नाही.

"एक पाऊल टाकायचं न्हाई. आधी सावलीत बसा. दोघांनीबी बसायचं."

"गिरजा तिकडं..."

"तुमी गेलात तर गिरजाला कोन नेनार?"

ते मटकन खाली बसले आणि लहान पोरागत रडायला लागले. सावली म्हणजे एक वाळकी बाभळ. मी ओलं गोणपाट त्यांच्या डोक्यावर टाकलं. मला रडूही येईना. मी गाडीकडं बघत बसले. खूप वेळानं सूं सूं थांबली. तेव्हा लक्षात आलं, मघाशी इंजन चालू असताना पंखा फिरतच नव्हता! तसं म्हटलं तर भावजी उठले, वाकून बघितलं आणि कपाळावर हात मारला. "पट्टा निसटलाय. एवढंच हाय, वहिनी! एवढंच!" त्यांनी पट्टा चढवला, फडक्यानं झाकण हळूहळू सोडलं. उरल्या पखालीतलं पाणी थोडं थोडं करून ओतलं. पिण्यापुरतं मागं ठेवलं. गाडी चढली. वर पोचेपर्यंत मी श्वास घेतला का, आठवत नाही.

गिरजाला बघितलं आणि घाटातली भीती काहीच नव्हती असं वाटलं. डोळे सुजून बंद, ओठ जाड. "आई, तू आलीस का? मला नीट दिसंना." व्याही दारात आडवे. "ज्या मोटारीनं बापाला खाल्लं तिच्यात लेक घालता?" वर्षभर मीच हे म्हणत होते. पण त्यांच्या तोंडून ऐकलं आणि मला सहन झालं नाही. "गाडीनं न्हाई खाल्लं," मी म्हटलं. "उन्हानं खाल्लं. दिवस कलल्याबिगर आमी निघनार न्हाई." मग ते बाजूला झाले.

दिवेलागणीला करोडगिरीच्या जकात-नाक्यावर आलो. इथं निजामी संपते, पुढं इंग्रजी मुलूख. शिपायानं कंदील वर केला. "मोटर किसकी है?" भावजी माझ्याकडं बघायला लागले. तुमचं नाव सांगावं तर तुम्ही नाही. आणि तुमचं नाव मी आजवर कधी घेतलेलं नाही. मागं गिरजा कण्हत होती. मी म्हटलं, "माझी हाय." त्यानं आत डोकावून पोरीला बघितलं आणि आडवं लाकूड वर केलं.

त्याच रात्री गिरजाला झटके आले. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बाहेर काढलं. तो वेळ मला लिहिता येत नाही. सकाळी बाळ झालं. मुलगी. मुठीएवढी, कापसात गुंडाळलेली. गिरजाला मग दिसू लागलं. आधी तिनं बाळ बघितलं, मग माझं मोकळं कपाळ बघून पुन्हा तुमच्यासाठी रडली. दोघी जगल्या हो! बाई म्हणाल्या, एक दिवस उशीर झाला असता तर काही हाती लागलं नसतं.

आता तिला माहेरी यायचंय. तिला नाही कसं म्हणू? भावजी आज विहिरीवर पुन्हा चाकं भिजवत होते. त्यांनी नवा पट्टा घातलाय, नळीही नवी मिळाली. मी टाकीत बोट घालून पाणी स्वच्छ आहे का ते तीनतीनदा बघितलं. तरी भीती जाईना. एवढंसं बाळ, आणि तो उन्हाचा घाट! तुम्ही असतात तर हसला असतात. हसा.

एक वचन देते. ऊन चढलं की जिथं सावली असेल तिथं गाडी थांबेल, भावजी चिडले तरी, बाळ रडलं तरी. माझ्या गाडीतून कुणी एकटं पाण्याला उतरणार नाही. भीती टाकून देईन असं मात्र म्हणत नाही. ती घेऊनच उद्या पुढं बसणार आहे.

तुमची,
पार्वती