किल्ल्यावरची हजेरी

मु. बोरखडा, येडशीमार्गे
मंगळवार, १५ एप्रिल १९८६

तीर्थरूप मामांस,
गुलाबचा सविनय जयभीम.

तुमची व मामींची प्रकृती उत्तम असेल (असेलच असे नाही, म्हणून विचारते, मामींचा गुडघा कसा आहे?). आमच्याकडे सर्व ठीक आहे, असे मी आधी लिहिले होते. पण शाळेत घालण्यापूर्वी अण्णांनी घरी अक्षरे गिरवून घेताना सांगितले होते, की निदान स्वतःच्या अक्षरात तरी खोटे लिहू नये. म्हणून ते वाक्य खोडले आहे. अण्णांचा दमा तसाच आहे, विहिरीत गाळ उरला आहे, काल जयंती झाली पण पाण्याअभावी पंगत धरली नाही, आणि मी मोठ्या संकटात आहे. त्याची सुरुवात तुमच्यापासून झाली. हे रागाने लिहीत नाही, क्रमाने लिहिते आहे.

दिवाळीत तुम्ही आलात तेव्हा दूध सोसायटीचे चेअरमन नानासाहेब चहाला बसले होते. तुम्ही त्यांना म्हणालात, आमच्या गुलाबला इंग्रजी समजते. मी कपबश्या घेऊन तिथेच उभी होते. दहावीला मला इंग्रजीत छत्तीस गुण होते, आणि त्यांतले काही अक्षर चांगले म्हणून दिले असावेत, हे मी तेव्हाच सांगायला हवे होते. नाही सांगितले. पुढे सोसायटीला टीव्ही आला. (दूध मात्र येईनासे झाले, कारण जनावरे छावणीत गेली किंवा विकली गेली.) दूध संकलनाच्या खोलीत, फॅट काढायच्या यंत्राशेजारी, दारे असलेल्या लाकडी पेटीत तो बसवला. नानासाहेबांनी एक रिकामा कॅन पालथा घातला आणि मला म्हणाले, “बस हितं. दर शनिवारी सांग काय म्हणत्यात ते.”

शनिवारी संध्याकाळी एक इंग्रजी मालिका लागते. अमेरिकेच्या पश्चिमेला, सरहद्दीवर, एक लाकडी किल्ला आहे. लढाई कधीच संपली आहे, पण ते वर कळवायला कोणी नाही, म्हणून फौज तशीच आहे. साहेबाला घोड्यावर नीट बसता येत नाही. कारभार सगळा हवालदाराच्या हातात. आजूबाजूला वाळू, खडक आणि निवडुंग. पहिल्याच शनिवारी सगळ्यांनी ठरवले, की तिकडेही दुष्काळच आहे आणि किल्ला हे सरकारी काम आहे, कारण माणसे दिवसभर फावडे धरून उभी असतात. फक्त हसण्याचा उलगडा होईना. पेटीत कोणीतरी सारखे हसते, पण दिसत नाही. मला विचारले. मला माहीत नव्हते. शेजारच्या केशरमावशी म्हणाल्या, “आगं, त्ये टेकडीमागं बसल्यात. किल्ल्यात ज्यांची जमीन गेली, त्ये.” तेव्हापासून गावात कोणाला शंका नाही.

मामा, पहिले तीन शनिवार मी मांडीवर डिक्शनरी घेऊन बसले. पण मला एक शब्द सापडेपर्यंत साहेब दोनदा घोड्यावरून पडलेला असे आणि लोक माझ्याकडे बघत. चौथ्या शनिवारपासून मी अंदाजाने सांगू लागले. (घोड्याकडे बघून बोलला तर घोड्याविषयी, आकाशाकडे बघून बोलला तर पावसाविषयी.) याची मला रोज लाज वाटते. पण लोक म्हणाले, आता कसे नीट समजते.

इथून पुढचे सावकाश वाचा. रोजगार हमीच्या पाझर तलावाच्या कामावर मी बाभळीखाली मजुरांची लेकरे सांभाळते, हे तुम्हाला माहीत आहे. दुसरे काम मी तुम्हाला सांगितले नव्हते. लिंबाजी मुकादमांचे (हे नानासाहेबांचे मेहुणे) अक्षर वाईट, म्हणून दर शनिवारी दुपारी मस्टर (मजुरांचा हजेरीपट, त्यावरूनच मजुरी निघते) मी सुवाच्य उतरवून देते. त्यात सातवे नाव धोंडीबांचे आहे. धोंडीबा म्हणजे केशरमावशींचे मालक. ते जाऊन दोन वर्षे झाली. काम निघाल्यापासून त्यांचा एकही खाडा नाही. (हयात होते तेव्हा छातीच्या दुखण्याने आठवड्यातून दोन दिवस तरी पडून असत.) असे एकूण अकरा जण आहेत, कोणी वारलेले, कोणी पुण्याला गेलेले. केशरमावशी दर सोमवारी काम मागायला येतात आणि लिंबाजी म्हणतात, “मस्टर भरलंय, मावशे.” मी एकदा धीर करून म्हटले, धोंडीबा तर वारले. ते म्हणाले, “त्या नावाचा दुसरा असंल. तू फकस्त अक्षर काढ.” मी काढले. माझे अक्षर चांगलेच आले.

आता मागच्या शनिवारच्या आधीचा शनिवार. मी दुपारी मस्टर उतरवले आणि संध्याकाळी कॅनवर जाऊन बसले. किल्ल्यात माणसे कमी पडली होती, म्हणून हवालदाराने बुजगावण्यांना टोप्या घालून रांगेत उभे केले. घोड्यावरचा साहेब लांबूनच मोजू लागला. खोलीत माणसे हसून लोळत होती, टेकडीमागचे तर थांबतच नव्हते. लिंबाजीही पुढे बसून डोळे पुसत होते. तेवढ्यात हवालदाराने कागद काढून मोठ्याने काही वाचले. केशरमावशी म्हणाल्या, “गुलाब, काय म्हनतोय त्यो?” मी म्हटले, नावे वाचतोय. “कुनाची?” मला खरेच माहीत नव्हते, मामा. दुपारपासून डोक्यात जे घोळत होते ते तोंडातून बाहेर पडले. मी अकराच्या अकरा नावे सांगितली, मस्टरच्या क्रमाने.

खोलीत कोणी हसेना. पेटीत हसत होते. मावशी उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “आमचं मालक हायत व्हय तितं? अन् मला म्हनं जागा न्हाय!” मग जरा थांबून म्हणाल्या, “रोज कामाला येत्यात, तर घरी भाकर खायाला का येईनात?”

दुसऱ्या दिवशी नानासाहेब घरी आले. आवाज चढवला नाही. म्हणाले, “ती नावं टीव्हीनं सांगितली, एवढं लिहून दे. टीव्हीला कोन जाब इचारतंय?” लिहून दिले तर ते खोटे, आणि तेही माझ्या अक्षरात. खरे लिहावे तर मस्टरही माझ्याच अक्षरात आहे. ती अकरा बुजगावणी मीच ओळीने उभी केली आहेत. शिवाय चौकशी लागली आणि काम बंद पडले, तर जे खरोखर खडी फोडतात ते घरी बसतील. त्यांच्या लेकरांना बाभळीची सावलीसुद्धा राहणार नाही. अण्णांना विचारले, तर ते खोकत राहिले (खोकला खरा होता की नाही, हा विचार मनात आला म्हणून त्यांची मनातल्या मनात क्षमा मागितली). केशरमावशी रोज आमच्या दारात येऊन बसतात. रागावत नाहीत. जाताना एवढेच विचारतात, “मस्टर आजबी भरलंयच व्हय?”

मामींना नमस्कार. गुडघ्याला शेक द्यावा.

तुमची भाची,
गुलाब

ता. क. : पाकिटात दुसरा कागद आहे, तो तुमच्यासाठी नाही. तो कलेक्टर कचेरीत नेऊन द्यावा आणि पोच घ्यावी. त्यात अकरा नावे आहेत, काम बंद करू नये अशी विनंती आहे, आणि खाली मस्टरचे अक्षर माझे आहे असे लिहून सही केली आहे. शुद्धलेखन तेवढे तपासा. सहीला हात लावू नका. हे पहिल्या ओळीतच लिहिणार होते, पण मग तुम्ही पुढे वाचले नसते.

आणखी एक : टीव्ही बिघडला असे सांगून नानासाहेबांनी पेटीच्या दारांना कुलूप लावले आहे. तरी गेल्या शनिवारी माणसे वेळेवर आली आणि बंद दारांकडे तोंड करून बसली. केशरमावशी म्हणाल्या, “गुलाब, फुडं सांग.” मी म्हटले, डबा बंद आहे. त्या म्हणाल्या, “तुला कवापासून डबा लागाया लागला?” म्हणजे त्यांना पहिल्यापासून माहीत होते. मग मी सांगितले. थांबले तेव्हा किल्ल्यापासून लांब धूळ उठलेली दिसत होती, आणि वरचे साहेब तपासणीला येत आहेत का, असे सगळे विचारत होते. अंदाजाने सांगायचे मी आता सोडले आहे. म्हणून साहेब येणार की नाही, ते शुक्रवारच्या एसटीने शिवलिंग कंडक्टरच्या हाती कळवा. येणार नसतील तरी कळवा. मग ती धूळ नुसती वाऱ्याची होती, असे मला सांगावे लागेल.