तारा पोतनीसचा डावा हात

१२ डिसेंबर, शुक्रवार
रविवारच्या भाषणाची सुरुवात जमली. "लपवून वाचणाऱ्यांनो! भूगोलाच्या पुस्तकात रहस्यकथा धरून ज्यांनी मार खाल्ला, त्या सगळ्यांनो! आपण ज्या पुस्तकांवर जीव टाकला त्यांना कुणी वाङ्मय म्हटलं नाही. वाचनालयांनी जपली नाहीत, समीक्षकांनी उघडली नाहीत. शेवटी रद्दीवाल्याने तेवढी हातात घेतली."
चांगलं आहे. रद्दीवाल्यानंतर थांबायचं.

ठाण्यात माजिवड्याजवळच्या हॉलमध्ये फॅन लोकांचं संमेलन आहे. कॉमिक्स, ॲनिमे, गेम, सिनेमे. त्यात आमच्या 'तारा पोतनीस रहस्यमाले'ला एक टेबल आणि वीस मिनिटं. सायलीने मिळवली. (शेजारची मुलगी, आयटीत आहे, ताराची माझ्याहून कडवी भक्त.) व्याख्यानांना खूप हिंडले. फॅन म्हणून पहिल्यांदाच कुणी बोलावलंय.

१३ डिसें., शनि.
डोंबिवलीहून सकाळीच कोपरीला, विठ्ठल सकपाळांकडे. ताराची सगळी मुखपृष्ठं यांच्या हातची, एकावरही नाव नाही. आता मालिका पुन्हा छापतायत, जुनीच मुखपृष्ठं घेऊन. प्रकाशकाकडे फोन केला होता तर म्हणे, "चित्रकाराचं नाव आमच्या रेकॉर्डला नाही, मॅडम." अहो, माणूस कोपरीत चहा पीत बसलाय! सोमवारी बावीसला छपाई सुरू. उद्या प्रकाशनाचा माणूस संमेलनात येतोय. त्याच्यासमोर काकांना उभं करायचंच.
काका नको म्हणत होते. "बाई, मी पोटासाठी केलेलं. त्यात नाव कसलं?"
सून आतून ओरडली, "जा हो बाबा! घरी तरी काय, पंखाच बघताय."
येतो म्हणाले. शर्ट इस्त्रीला गेला.

१४ डिसें., रवि.
काय लोक आहेत हे! दमलेय, पण लिहिणारच.

दारातच एक मुलगा, पाठीला पुठ्ठ्याचे भलेमोठे पंख. दारातून आडवा होऊन आत गेला, मागून त्याची आई डबा घेऊन. आत एका टेबलावर गरम गोंदाची बंदूक, सुया, पिना. कुणाचंही चिलखत निखळलं की तिथे जायचं. जिने दुसरीचा मुकुट चिकटवून दिला ती वेशभूषेच्या स्पर्धेत तिच्याच विरुद्ध उभी होती. विचारलं तर म्हणाली, "मग काय आँटी, तिचा तुटका असताना जिंकू?" आमच्या साहित्य मंडळांनी हे टेबल येऊन बघावं.
फोटोआधी प्रत्येक जण विचारतो, "काढू का?" नको म्हटलं की फोन खाली. प्रेमाची लाज नाही आणि प्रेमात उद्धटपणा नाही. हे दोन्ही एकत्र मी फार कमी सभागृहांत पाहिलंय.

सायली पहिल्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावरची तारा होऊन आलेली. हिरवी साडी, पदर उजव्या खांद्यावर, घड्याळ उजव्या मनगटात, डाव्या हातात पिस्तूल. चित्र जिवंत. काका तिच्याकडे बघतच राहिले. मला वाटलं, गहिवरले.

पुढच्या सगळ्या मुखपृष्ठांवर पिस्तूल उजव्या हातात आहे. का? यावर आमच्या ग्रुपवर कित्येक वर्षं मारामाऱ्या. सायली म्हणते वेषांतर, म्हणून तर पदरही उलटा. मी आज माझं मत ठासून मांडलं: तारा मुळात डावरी. समाजाने तिचा डावा हात मारून मारून उजवा केला! मुठी आपटल्या. टाळ्या थांबेनात. पंखवाला उभा राहून शिट्ट्या मारत होता.

मग प्रश्न. पहिल्या रांगेत काकांचा हात वर.
"बाई, चित्र उलटं छापलंय."
"म्हणजे?"
"प्रेसवाल्याने फिल्म उलटी लावली. मी उजव्याच हातात दिलेलं पिस्तूल."
अख्खा हॉल हसला, सगळ्यात आधी मी. सायली कपाळाला हात लावून, "काका! मी आरशासमोर दोन तास पदर लावला यार!"
"राहू दे गं. छान दिसतेस. सकाळीच सांगणार होतो, पण एवढी मेहनत केलेलीस."

मी माइकवरून सांगितलं की हेच ते चित्रकार. बघता बघता टेबलासमोर सहीसाठी रांग. सायलीने आपली प्रत पुढे केली. काका पेन धरून थांबले. "चित्रावर कधी केली नाही हो. बँकेतल्यासारखी करू?" मग चित्राच्या खालच्या कोपऱ्यात, हळूहळू. करता करता म्हणाले, "इथंच करायला गेलेलो तेव्हा. मालक म्हणाले, कोपरा खराब होतो." आणि थोड्या वेळाने, कुणाकडे न बघता, "सही असती ना, तर उलटी दिसली असती. प्रेसवाल्याला तिथंच कळलं असतं."

मी ते वाक्य भाषणाच्या कागदामागे उतरवून घेतलं.
प्रकाशनाचा माणूस बाजूलाच होता. फोटो काढला त्याने. "वर विचारतो, मॅडम."

१५ डिसें., सोम.
प्रकाशकाला पत्र पाठवलं. चार ओळी, विशेषण एकही नाही. काकांचं ते वाक्य जसंच्या तसं. चित्र सुलट करा, नाव घाला.

१७ डिसें., बुध.
उत्तर नाही. ग्रुपवर निम्मे लोक अजून मानत नाहीत. एकाने लिहिलंय, "चित्रकाराला आठवत नसेल, तारा डावरीच." धन्य! असे भक्त हवेत. (मलाही डावरी तारा सोडवत नाहीये. खरं सांगायचं तर.)
काकांच्या सुनेचा फोन: "बाबा कागदावर सह्या करून बघतायत. तुम्ही काय केलंत हो बाई?"

२० डिसें., शनि.
प्रकाशकाचा निरोप. चित्र सुलट करतायत. नावाचं 'बघू'. छपाई परवा. मी दोनदा फोन केला, दोनदा तेच, बघू.
काकांना कळवलं. "झालं ना सुलट? पुष्कळ झालं, बाई." आवाज मात्र पुष्कळ झाल्याचा नव्हता.

पुस्तकात पेन चालवणाऱ्यांना मी जन्मभर झापलंय. आज माझी प्रत समोर ठेवली, लिहिलं, शाई वाळू दिली. कोपरा खराब झाला नाही.

उद्या सकाळी ग्रुपवर टाकायचं, एवढंच:
लपवून वाचणाऱ्यांनो, आता लपवू नका. कपाटातून तारा बाहेर काढा. मुखपृष्ठाच्या खालच्या कोपऱ्यात, शाईने, ठळक लिहा: चित्र, विठ्ठल सकपाळ. आजच लिहा.