ती दारू नव्हे, ताडी

दादा,

दोन वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही. आज लिहितोय तेही आठवण दाटून आली म्हणून नव्हे, वहिनीने डोकं उठवलंय म्हणून. तू गेल्यापासून तिला झोप नाही. आज सकाळी तिने डहाणूच्या त्याच दवाखान्यातून झोपेच्या गोळ्या आणल्या. मी पट्टी हातात घेऊन पाहिली. तुला दिलेलीच गोळी, ताकदही तेवढीच.

"डॉक्टरांनी दारू पिता का विचारलं?"

"विचारलं. नाही म्हटलं."

"आणि दुपारची ताडी?"

"ती काय दारू आहे, भावजी? ती झाडाची."

तूही अगदी हेच म्हणाला असतास. तुमच्या लेखी दारू म्हणजे बाटलीतली, नाहीतर भट्टीची. बाटलीला तू कधी हात लावला नाहीस, हे मीच तलासरीच्या बाजारात मान ताठ करून सांगायचो. पण सकाळी उतरवलेली ताडी दुपारपर्यंत मडक्यात फसफसते ती कशाने? मद्यार्कच होतो ना तिच्यात? झाडावरून आली म्हणून ती नारळपाणी होत नाही.

मग मी वहिनीला नीट समजावायला बसलो. मी दहावीपर्यंतच शिकलो, पंपाच्या मोटरींचं वाइंडिंग करतो, पण तू गेल्यावर हा विषय वर्षभर वाचून काढलाय. गोळी मेंदू बंद करते असं लोक म्हणतात. साफ चूक. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देत असतात, आणि त्यातला एक निरोप असतो 'गप्प बस'. तो नेणाऱ्या द्रव्याचं नाव गाबा. गाबा पेशीवरच्या दाराला लागला की दार उघडतं, क्लोराइडचे कण आत शिरतात आणि ती पेशी सहजी पुढे निरोप देत नाही. गोळी स्वतः दार उघडत नाही. गाबा आल्यावर दार जास्त वेळा उघडेल, एवढंच तिचं काम. मद्यार्कही पेशींना गप्प करायलाच जोर लावतो. दोघांचा जोर एकत्र पडला की श्वास चालू ठेवणाऱ्या पेशीसुद्धा मंदावतात.

वहिनी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "गप्प करायची एवढी चांगली गोळी असेल, तर भावजी, तुम्हीच घ्या एक."

तुझ्यावर तर मी अजून चिडलेलो आहे. पाठ दुखायची, झोप लागायची नाही, मान्य. घोलवडच्या वाड्यांत जन्मभर चिकू उतरवलेस. पण एका गोळीने भागलं नाही म्हणून दोन? आणि त्याही लग्नघरची ताडी पिऊन आल्यावर? दोन घरं सोडून मी राहतो, विचारायचं तरी होतंस. सकाळी तू उठलाच नाहीस.

सगळ्यांना वाटतं तू हृदयाने गेलास. वहिनीलाही. मी तसं वाटू दिलं.

कारण तू डॉक्टरांना 'नाही' म्हणालास तेव्हा मी शेजारच्याच स्टुलावर होतो. केसपेपरवर तुझं वय दोन वर्षांनी कमी लिहिलं होतं, ते कंपाउंडरकडून खोडून घेत होतो. तुझं उत्तर मला ऐकू आलं आणि ते खोटं वाटलं नाही. ताडीला दारू म्हणायचं माझ्याही तोंडात कधी आलं नव्हतं, दादा. तू गेल्यावर डॉक्टरांनी मला पुन्हा विचारलं, मी ताडीचं बोललो, आणि त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग तेव्हा नाही कसं म्हणालात?" तू तर नव्हतास. ते मला विचारत होते.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. पेशींचं सगळं सांगितलं, एवढं सोडून. म्हणून तर ती तांदूळ निवडत राहिली.

वहिनी पहिली गोळी आज रात्रीच्या जेवणानंतर घेणार आहे. संध्याकाळ व्हायच्या आत मी तिच्या ओट्यावर जाऊन बसेन आणि त्या स्टुलापासून सगळं सांगेन. तिने माझ्याशी बोलणं टाकलं तरी चालेल. उद्या मात्र तिला पट्टी घेऊन दवाखान्यात नेणार, आणि डॉक्टरांनी पुन्हा तेच विचारलं की ती 'हो' म्हणेपर्यंत तिथून हलणार नाही.

तुझा धाकटा,
रमण