पोकळ टीव्हीसमोरची खुर्ची

भिकन,

आईला घेऊन मी धुळ्याला जाते आहे. टीव्हीही नेते आहे. स्टँडवर मनधरणी करायला येऊ नकोस.

बंद पडलेल्या पार्लरमधून तू ते व्हिडिओ गेमचं मशीन उचलून आणलंस. त्यात नव्याण्णव गेमचं कार्ट्रिज बसवून घरीच खेळणार होतास. मशीनची पिक्चर ट्यूब गेलेली निघाली, तर आईच्या टीव्हीची काढून बसवलीस. ‘चार दिवसांत दुसरी आणतो’ म्हणालास, त्याला महिना झाला. एव्हाना तू ब्याऐंशीव्या गेमपर्यंत पोचला असशील. अभिनंदन.

परवा मी आले, तेव्हा आई बातम्यांच्या वेळेला त्या पोकळ खोक्यासमोर खुर्ची घेऊन बसली होती. मी म्हटलं, “अगं, आत काहीच नाही.”

ती म्हणाली, “माले माहीत शे. भिकन ट्यूब जोडी दी. सवय मोडाले नको.” तू जोडून देशील, याची तिला अजून खात्री.

आज तू कामावर गेल्यावर मी मेकॅनिक बोलावला आणि ट्यूब परत टीव्हीत बसवून घेतली. मशीनचे स्क्रू डबीत आहेत. तुझ्यासारखे चहाच्या कपात टाकलेले नाहीत.

खिचडी झाकून ठेवली आहे. ती आईने केली. माझ्यावर असतं तर फक्त झाकण ठेवलं असतं.

आईची खुर्ची मात्र नेत नाही. तुझ्या मशीनसमोर मांडून ठेवली आहे. संध्याकाळी तिच्यावर बसत जा. सवय मोडायला नको.

मंदाअक्का