बोर्डाला हात लावा

१६ ऑक्टोबर २००७, मंगळवार

आला! टेम्पोतून उतरवताना जो तो ओरडून राह्यला — हळू, हळू. खाटेएवढा पांढराशुभ्र फळा. खडू नाही, डस्टर नाही. कॉम्प्युटरचं चित्र त्याच्यावर पडतं आणि बोटानं सरकवलं की सरकतं!

बियाणं कंपनीच्या साहेबांनी आमच्या हसनाबादच्या शाळेला दिला. त्यांच्या पंपाच्या जळलेल्या मोटारी माझ्या जालन्याच्या दुकानात वाइंडिंगला येतात, त्या ओळखीवर. मी शाळेच्या संस्थेचा अध्यक्ष. नववी नापास अध्यक्ष, असं गावात माझ्यामागं म्हणतात. मला ऐकू येतं.

चहा झाल्यावर साहेबांनी बाजूला घेतलं. डिसेंबरात येऊन बघू म्हणाले. पोरं वापरत असतील तर बोर्ड तुमचा, नाहीतर काढून जालन्यातल्या शाळेत लावू.

मी म्हटलं, बराबर आहे. पण आमची आठवी दर जूनला पातळ होते. ज्याला जमतं तो पोराला जालन्याला टाकतो. "इथं काय आहे दादा?" — हे मी दर वर्षी ऐकतो. वर्ग असाच आटत गेला तर एक दिवस बंद होईल. मंग ज्याला जमत नाही त्याच्या पोरीनं कुठं जायचं?

बोर्ड गावातून जाऊ द्यायचा नाही. इथं लिहून ठेवतो म्हणजे मला पळता येणार नाही.

२० ऑक्टोबर, शनिवार — खंडेनवमी

सकाळी दुकानात पाने, पक्कड, हातोडी, वाइंडिंगचं मशीन, सगळं धुऊन पुसून पूजलं. हात जोडताना डोक्यात आलं — बोर्ड म्हणजे तरी काय, अवजारच की! दुपारी गावात येऊन शाळा उघडायला लावली. झेंडूचा हार, नारळ, उदबत्ती. बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यात मी स्वतः कुंकवानं स्वस्तिक काढलं. पोरं रांगेनं पाया पडली. फार बरं वाटलं.

हेडमास्तर अप्पाराव सर तर गहिवरले. लगेच नियम केला — चपला बाहेर, हात धुऊन आत.

घरी सांगितलं तर बायको झुंबर म्हणाली, तुम्हाला पूजेला कायबी चालतं, उद्या माझ्या मिक्सरला हार घाला. घातला असता. पण तो मीच उन्हाळ्यात उघडून ठेवलाय, अजून जोडलेला नाही.

२४ ऑक्टोबर, बुधवार

अप्पाराव सरांनी बोर्डाला पडदा शिवून आणला. बायकोची काठाची साडी!

२६ ऑक्टोबर, शुक्रवार

आज दुकान लवकर बंद केलं आणि न सांगता शाळेत गेलो. सरळ वर्गात जायचं नाही, आधी खिडकीशी उभं राहायचं — ही माझी जुनी सवय. मोटारीतला बिघाडही मी आधी कानानंच ओळखतो.

वर्ग मैमूना मॅडमचा. गणित शिकवतात. अजून कायम नाहीत, मानधनावर आहेत. सासर इथलंच. मिस्टर अलीम जालन्याला एमआयडीसीत, लोखंडाच्या मिलमध्ये. रोज मोटरसायकलवर जाणं-येणं. मॅडमनी बोर्डावर त्रिकोण काढला होता आणि म्हणत होत्या, "द्वारका, ये, हा कोपरा धरून ओढ." पोरगी उठली. बोर्डासमोर गेली. पाया पडली. आणि जागेवर जाऊन बसली.

दुसरा उठला. त्यानंही तेच.

मॅडमनी पेन हातात दिला तर तिसऱ्यानं तो कपाळाला लावून दोन्ही हातांनी परत केला.

हसावं का रडावं. तेवढ्यात खिडकीखाली दोन पोरं कुजबुजत होती. एक म्हणे, गणिताच्या पेपराआधी इथं फूल ठेवलं तर पावतो. दुसरा म्हणे, नुसत्या फुलानं न्हाई भागत, तुला नारळच फोडावा लागंल.

आत जाऊन पाह्यलं. पेनं ठेवायच्या खाचेत झेंडू. ताजे!

सुटल्यावर मॅडमना विचारलं, कधीपासून चाललंय हे? पूजेपासून, त्या म्हणाल्या. मंग तुम्ही पोरांना सांगितलं का नाही? त्यांनी कोपऱ्यातल्या स्वस्तिकाकडं बोट केलं.

"दादा, कुंकू तुम्ही लावलं. मी पुसलं तर त्याचं वेगळंच होईल. तुम्हीच पुसा."

बरोबर बोलल्या. बिघाड माझ्याच हातचा आहे.

२९ ऑक्टोबर, सोमवार

पिशवीत दुकानातली हातोडी आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आठवीच्या वर्गात गेलो. अप्पाराव सरही मागं आले. पोरांना म्हटलं, ह्या दोघांची मी खंडेनवमीला पूजा केली, हळदीकुंकू वाहिलं. त्या दिवशी दिवसभर हात लावला नाही. दसऱ्यानंतर दुकान उघडलं तेव्हा काय केलं असेल? मी जमिनीवर स्क्रू-ड्रायव्हर धरून त्याच्या डोक्यात दोन हातोड्या हाणल्या. पोरं दचकली.

म्हटलं, अवजाराची पूजा का करतो आपण? वर्षभर त्याच्यावर हात चालावा म्हणून. नुसतंच पुजून ठेवलं असतं तर मी आजही पहिल्यासारखा मिलमध्ये सळया उचलत असतो.

मंग ओला फडका घेतला आणि पोरांसमोर स्वस्तिक पुसलं. अप्पाराव सरांनी मान फिरवली. पडद्याची घडी करून त्यांच्या हातात दिली. ते म्हणाले, अध्यक्ष, बिघडला तर जबाबदार कोण? म्हटलं, मी. बिघडलेलं दुरुस्त करण्यावरच माझं घर चालतं.

तरी पोरं उठेनात. म्हणून मीच गेलो. त्रिकोणाचा कोपरा अंगठ्यानं असा दाबला की चित्रच गायब! मागून फिसकन हसू आलं. मॅडमनी चित्र परत आणलं. पुन्हा दाबलं, पुन्हा गायब. पहिल्यांदा चुकलो होतो. दुसऱ्यांदा मुद्दाम.

द्वारकाला राहवलं नाही. तरातरा आली.

"दादा, तुम्ही मोटार खोलून राह्यले का? हलक्या हातानं धरा."

आणि ओढला की पोरीनं कोपरा! त्रिकोण लांबला. कोनांचे आकडे भराभर बदलले, बेरीज मात्र तीच. दुसरा कोपरा ओढला, बेरीज तीच. "कितीबी ओढलं तरी?" तिनं मॅडमना विचारलं. मॅडम म्हणाल्या, मी कशाला सांगू, ओढून बघ.

मंग काय — अख्खा वर्ग बोर्डाशी! चपला घालून!

३० नोव्हेंबर, शुक्रवार

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली. लाइटचा मात्र तमाशा. भारनियमनाची वेळ दर आठवड्याला बदलते; गणिताचा तास आणि लाइट यांची गाठ पडत नाही. दुकानातला इन्व्हर्टर उचलून शाळेत बसवला. बॅटरी जुनी आहे पण तासभर ओढते. झुंबर म्हणाली, आता दुकानात अंधारात काम करा. म्हटलं, कानानं करीन.

५ डिसेंबर, बुधवार

खिडकीशी उभा राह्यलो. आत एवढा कालवा की मॅडमचा आवाजच ऐकू येईना. मंग कळलं, मॅडम बोलतच नव्हत्या. मागच्या बाकावर बसून होत्या. पोरंच पोरांना शिकवून राह्यली होती!

१२ डिसेंबर, बुधवार

आज साहेब आले. सोबत पुण्याच्या एक बाई, कंपनीचं शाळांचं काम बघणाऱ्या. अप्पाराव सरांनी शाल, हार, भाषण, सगळी तयारी केलेली. भाषण चाललं लांबत. लाइट आधीच गेलेली आणि बोर्ड इन्व्हर्टरवर चालू! मी दारातून खुणा करतोय, आवरा, आवरा. सर अजून शाळेच्या स्थापनेपाशीच. ते आजच्या तारखेला येईपर्यंत बॅटरी बसली. बोर्ड पांढरा फक्क.

साहेबांना म्हटलं, चहा घेऊ, लाइट येईलच. मॅडमना डोळ्यांनी सांगितलं — थांबा. त्यांनी पाह्यलं आणि थांबल्याच नाहीत! पोरांना घेऊन थेट मैदानात. कुठून तरी दोर आणला, तीन पोरांच्या हातात दिला आणि झाला त्रिकोण. "द्वारका, तू मागं सर. आता कोणाचा कोन बारीक झाला?" पोरं ओरडली, द्वारकाचा! "मंग तो गेला कुठं?" या दोघांना वाटून दिला, ती म्हणाली.

मी मनातून चिडलो होतो. साहेब बोर्ड बघायला आलेत, दोर दाखवून काय उपयोग? त्यांना चहाकडं वळवत होतो तर पुण्याच्या बाई हलेनात. कप हातात तसाच, नजर मैदानात.

मंग लाइट आली. पोरं कोणी न सांगता धावत आत. मैदानात जे केलं तेच बोर्डावर करून दाखवलं. बाईंनी एक त्रिकोण काढला तर द्वारका त्यांना म्हणे, हलक्या हातानं!

जाताना साहेबांनी माझा हात धरून सांगितलं. बोर्ड तुमचा.

गावभर पेढे वाटले. पारावर बसलेल्यांत एक जण म्हणाला, जूनला पोराला इथंच ठेवावं म्हणतो. मुद्दाम पुन्हा वळून त्याच्या समोरून गेलो. पुन्हा तेच बोलला!

१४ डिसेंबर, शुक्रवार

मिक्सर जोडला. चालू झाला. झुंबरनं हार नाही, पण चहा दिला.

१७ डिसेंबर, सोमवार

सकाळी साहेबांचा फोन. पुण्याच्या बाईंना मैमूना मॅडम हव्यात. जालन्याच्या ऑफिसात, त्यांच्या सगळ्या शाळांतल्या मास्तरांना शिकवायला. नोकरी कायम. मॅडम म्हणाल्या म्हणे, दादांनी सोडलं तर येते.

म्हणजे माझ्यावर आलं. नाही म्हटलं तर त्या थांबतील, हे मला पक्कं ठाऊक.

दुपारी साहेबांना उलटा फोन लावला. म्हटलं, साहेब, असं करा, बोर्ड घेऊन जा आणि मॅडम राहू द्या. ते मोठ्यानं हसले. मी गंमत करून राह्यलो वाटलं त्यांना.

संध्याकाळी मॅडमच्या घरी गेलो. अलीम नुकताच मिलवरून येऊन ओट्यावर टेकला होता, डोळे धुळीनं लाल. मॅडम दारात उभ्या.

म्हटलं, अलीमभाई, जालन्यात खोली बघायला लागा.