बोल्टच्या डोक्याखालचं पान

४ ऑक्टोबर १९५४, मु. मूल
नागपूरहून खोकं आलं एकदाचं. क्लच नवा, त्यामागचं जड चाक, फ्लायव्हील, तेही नवं. दोन्ही आमच्या गाडीच्या मूळ कंपनीचे नाहीत. लष्कराच्या लिलावातला ट्रक हा, त्याचे मूळचे भाग आता कुठे शोधायचे! बोल्ट खोक्यात नाहीत. विकणारा म्हणालाच होता, जुनेच वापरा. बघू.

तुकारामभाऊजी ओट्यावरून बघत होते, जवळ आले नाहीत. गाडी आम्हा दोघांची. पाना माझा, स्टिअरिंग त्यांचं. उन्हाळ्यात पोंभुर्ण्याच्या वाटेवरच्या चढावर फ्लायव्हीलचे दोन बोल्ट तुटले, ते फिरतं धूड कवच फोडून वर आलं आणि भाऊजींच्या डाव्या पायाची दोन बोटं गेली. ते बोल्ट एका परक्या मिस्त्रीने लावलेले. या वेळी कोणाला हात लावू देणार नाही.

ताई चहा घेऊन आली. म्हणाली, "माह्या नवऱ्याचे पायाचे आठ बोटं राह्यले आता. ध्यानात ठेव."
ठेवलं.

५ ऑक्टो.
दिवाळीनंतर बांबूची वाहतूक सुरू होईल. तोवर गाडी उभीच राहिली तर ठेकेदार दुसरी बघेल. म्हणून आजच बसवायला घेतलं.

जुने सहा बोल्ट चांगले कडक आहेत, आटे शाबूत. (तुटलेल्या दोनांच्या जागी तसेच दोन खोपटातल्या डब्यात निघाले. नशीब.) फ्लायव्हील लावलं, सहाही आवळले. पाना पुढे जाईना. भाऊजी लांबूनच म्हणाले, "झालं. चढव आता."

मन मानेना. ताईच्या विडीच्या सुपातलं तेंदूचं पान उचललं आणि बोल्टच्या डोक्याखाली घालून पाहिलं. सरळ आत गेलं! सहाच्या सहा ठिकाणी.

म्हणजे नवं फ्लायव्हील जुन्यापेक्षा पातळ. बोल्ट भोकाच्या तळाला जाऊन टेकतो, पान्याला वाटतं घट्ट झालं, आणि फ्लायव्हील मात्र मोकळंच. गाडी चालली असती. आठवडाभर चालली असती.

"वायसर टाक ना खालून," भाऊजी. नाही टाकणार. वायसरची चकती दबते, मग बोल्ट ढिला. बोल्टच तेवढे आखूड हवेत.

दसरा
हत्यारांची पूजा. पाने, जॅक, हातोडा, सगळं धुऊन मांडलं. ताईने झेंडूची माळ गाडीला घातली. भाऊजींनी स्टिअरिंगला कुंकू लावलं, तेही खाली उभं राहून, खिडकीतून हात घालून. मी म्हटलं, बसा की वर. म्हणाले, "गिअरबॉक्स खाली पडला हाये, बसून काय करू?"
बरोबरच आहे. पण दरवर्षी आत बसून हॉर्न वाजवतात. मला चैन पडलं नाही.

१० ऑक्टो.
तापाने दोन दिवस पडून. बोल्टांवर किती कापायचं त्याची खडूने खूण करून ठेवली होती. राइसमिलच्या शाणेवर, धारेच्या फिरत्या दगडावर, घासणार होतो, हळूहळू, पाणी मारत, तापू न देता.

आज उठलो तर सहाही बोल्ट कापून तयार, फडक्यात गुंडाळलेले. भाऊजी खूश. मोठ्या कौतुकाने पुढे केले. टोकांशी निळा रंग.
"भट्टीत घातले?"
"मंग कायनं तोडू, दातानं? लोहारानं लाल करून छिनीनं उडवले. बंडीची धाव नाई का भट्टीत घालत? ते तुटते का?"

इथे प्रत्येक लोखंड भट्टीतच जातं. बैलगाडीच्या चाकाची धाव, फाळ, विळा, सगळं. त्यांना कसं सांगू की या बोल्टांचा जीव त्यांच्या कडकपणात आहे आणि तो जाळून आणला आहे? कानस मारली. आधी कानस घसरत होती, आज लोणी कापावं तशी लोखंडात बसली.

ओरडलो. नको ते बोललो. भाऊजी लंगडत निघून गेले. ताईने जेवणाचं ताट माझ्यापुढे आपटलं.
पण हे बोल्ट लावणार नाही. कोणी कितीही रुसलं तरी.

१३ ऑक्टो.
राजुऱ्याला आमच्यासारखीच एक गाडी मरून पडली आहे असं ऐकलं होतं. नदी ओलांडून गेलो. खरंच आहे, एका म्हाताऱ्याच्या वाडीत, चाकं नाहीत, टपावर दोडक्याचा वेल.
म्हातारा म्हणे, "ने बाबा बोल्ट. पन वेल तोडशीन तं मी तुले तोडीन. दोडके लागले हायेत."

वेलाखालून सरपटत जाऊन गिअरबॉक्स उतरवला. पाठ मुंग्यांनी फोडून काढली. सहा बोल्ट निघाले, कानस घसरली. इतका आनंद झाला की म्हाताऱ्याच्या पाया पडलो. त्याने वर चार दोडके दिले.

१५ ऑक्टो.
बांबूची कामटी भोकात घालून खोली घेतली, फ्लायव्हीलची जाडी घेतली, खुणा केल्या. राइसमिलमध्ये शाण मिळाली. घासायला बसलो तर भाऊजी दारात.
"पानी कोन मारून राह्यलं?"
"कोणी नाही."
बसले शेजारी. लोट्याने पाण्याची धार धरली. मधूनमधून बोल्टला बोट लावायचे, कोमट लागला की माझा हात मागे ओढायचे.

१६ ऑक्टो.
फ्लायव्हील बसवलं. आवळून झाल्यावर मी काही म्हणायच्या आत भाऊजींनी खिशातून तेंदूचं पान काढलं. एकेका डोक्याखाली घालायला बघत होते. पहिल्याशी पान दुमडलं, दुसऱ्याशी फाटलं. सहाही करून पाहिले.

मग म्हणाले, "वरतून क्लच चढवल्यावर हे दिसत नाई ना?"
नाही दिसत.
"तेच तं. मले पाय ठेवताच येत नाई रे क्लचवर. तू राजुऱ्याले गेला तवा बसून पायलं. पाय ठेवला का बोटं दुखतेत. जे नाईत तेच."

इतके दिवस मला वाटत होतं, यांना घाई आहे, नाहीतर आळस आहे. पाठीवर हात ठेवला. मला रडू आलं, त्यांना नाही.

१९ ऑक्टो.
क्लच, गिअरबॉक्स, सगळं वर. इंजिन चालू केलं, आवाज स्वच्छ. मला अंगणात मागेपुढे करण्यापलीकडे गाडी चालवता येत नाही, तेवढी केली. भाऊजी ओट्यावर.
ताई त्यांना म्हणाली, "काऊन बसले? आठ बोटं पुरतेत."

२१ ऑक्टो., पोंभुर्ण्याच्या वाटेवर
हे चढाच्या पायथ्याशी दगडावर बसून लिहितो आहे. सकाळी भाऊजी स्वतःहून स्टिअरिंगवर बसले. मूलपासून इथपर्यंत त्यांनीच आणली. प्रत्येक गिअरला कपाळावर घाम, पण आणली. मागे ताईने वजनासाठी भरायला लावलेली धानाची पोती.

चढाशी गाडी उभी केली आणि मला म्हणाले, "तू उतर. तू बाजूले बसला का मी रस्ता सोडून तुह्या तोंडाकडेच पायतो."
"आणि काही झालं तर?"
"पान फाटलं होतं ना?"
फाटलं होतं. उतरलो.

गेले. पहिला गिअर, दुसरा. आवाज झाडीत शिरला. परत पहिला. उन्हाळ्यात बोल्ट तुटले ती जागा वळणाच्या पलीकडे आहे, इथून दिसत नाही.

आता आवाज थांबला आहे. तुटल्याचा आवाज मला माहीत आहे, तो नाही हा. इंजिनच बंद झालं आहे. थांबवलं असेल त्यांनी, तिथेच. की पाय क्लचवर…

बोल्टांची मी खात्री देतो. पायाची कोण देणार.

अजून काही ऐकू येत नाही. पान्यांची पिशवी इथेच ठेवतो, ती लागायची नाही. वर निघतो.